फोनच्या काठाबाहेर गेलेला मामा

काशिग, ता. मुळशी
९ जानेवारी

चि. निरंजन यास,

मी गोजराबाई. तुझ्या बापाची आई. नातं फोडून सांगितलेलं बरं, कारण दिवाळीत फोनवर "आजी, दोन मिनिटांत परत करतो" म्हणालास, त्याला आता अडीच महिने झाले. बंगळुरातली दोन मिनिटं आपल्याकडच्यापेक्षा लांब असतील असं मी धरून चालले होते. पण परसातला वाल फुलला, शेंगा आल्या, शेंगा सोलून खाऊनही झाल्या, तुझी दोन मिनिटं काही संपेनात.

पत्र लीलाबाई लिहिते आहे. आपल्या वाडीतलीच, अंगणवाडीतून रिटायर झालेली. मी सांगते, ती लिहिते, आणि लिहिता लिहिता माझी भाषा धुऊन घेते. धुऊ दे. मला कुठं वाचायचंय. ती आधी या कागदाचा फोटो तुला फोनवर धाडेल, कागद मागून टपालानं येईल. फोटो बारीक दिसला तर दोन बोटांनी ताणून वाच. तुझी पत्रिकासुद्धा आम्ही फोनवरच वाचतोय.

आता त्या पत्रिकेचंच बोलते. सृष्टीच्या लग्नाला दीड महिना राहिला, बावीस फेब्रुवारी, रविवार. कागदी पत्रिका नको, वेबपेज करू, दादा करेल, असं तुझी बहीण म्हणाली. तुझं पोटच त्याच्यावर, म्हणजे घरचंच काम. तू केलंस, चांगलं केलंस. सहाशे फोनांवर ते गेलं. आणि परवा बुधवारी तुझ्या कैलासमामाचा सूसवरून फोन आला. तुझ्या आईनं भावाचा फोन म्हणून ओले हात लुगड्याला पुसून, हसत उचलला. तो एवढंच म्हणाला, "अनसूये, पत्रिका मिळाली. तुमच्याकडं आता आमचं नाव घालाया जागा उरली न्हाई, व्हय?" आणि ठेवून दिला.

लीलाबाईनं तिच्या फोनवर सगळी पत्रिका मला मोठ्यानं वाचून दाखवली. वर गणपती. मग कुलदैवत. मग नवरानवरी. मग आपले नम्र म्हणून मी, माझा धाकटा दीर कोंडाजी, तुझा बाप किशोर, आणि पुढे सगळी भावकी, परवा जन्मलेल्या पोरापर्यंत. नवरीचा मामा नाही. अरे, मामा नसेल तर पोरीला हाताला धरून बोहल्यावर कोण आणणार? तुझा लॅपटॉप?

आणि केळवण. मुलीचं पहिलं केळवण मामाकडचं, हे तुला ठाऊक आहे. कैलास बोलवत नाही तोवर तुझी आई दुसऱ्या कुणाकडं पोरीला जेवायला धाडत नाही. तीन घरची केळवणं ताटकळलीत. सारजाबाईनं तर पुरणाची डाळ भिजवून परत उपसली.

तुझं नि मामाचं दोन वर्षं बोलणं नाही. का नाही ते तुमचं तुम्हाला माहीत. मी म्हातारी, मला त्यातलं काही ठाऊक नाही. पण त्याचा राग बहिणीच्या पत्रिकेवर काढला असशील तर सरळ सांग. नसेल काढला तर नाव घाल. दोन्हीला दोन मिनिटं लागतात, आपल्याकडची.

आजी

&nbsp;

काशिग
१६ जानेवारी

चि. निरंजन,

उत्तर आलं. पत्राला पत्र नाही, लीलाबाईच्या फोनवर एक ओळ. "नाव आहे, माझ्याकडे बरोबर दिसतंय." आणि सोबत तुझ्या मॉनिटरचा फोटो.

पाहिला. आपल्या ओसरीएवढी रुंद ती काच. डावीकडं आपल्या घरची माणसं, उजवीकडं आजोळची मंडळी, आणि त्यांत सगळ्यांच्या आधी कैलासचं नाव, सोनेरी अक्षरात. दोन्ही रांगा शेजारी शेजारी, पंगत बसावी तशा. लीलाबाईनं वाचलं, मी मान डोलावली. झकास आहे. आता सहाशे पाहुण्यांना तुझ्या टेबलामागं आणून कसं उभं करायचं, तेवढं कळव.

तू तिला समजावलंस म्हणे, पडद्याला बारीक ठिपके असतात, तू बाराशे ठिपक्यांची रुंदी धरून पान मांडलं, फोनला तेवढी जागा नसते, म्हणून उजवी रांग काठाबाहेर गेली. बरं झालं ठिपके म्हणालास, ते मला कळतात. मी रांगोळी काढताना आधी अंगण बघते आणि मग ठिपके मोजते. तू ठिपके आधी मोजलेस आणि अंगण बघितलंच नाहीस.

म्हणून मीच बघायला निघाले. लीलाबाईला घेतलं आणि कोळवणला नबीलालच्या दुकानात गेले. झेरॉक्स, फॉर्म, रिचार्ज, सगळं तोच करतो. त्याच्याकडं जुना चौकोनी मॉनिटर आहे, पत्र्याच्या डब्यासारखा.

"काय काढू, आजी? सातबारा का रेशन कार्ड?"

म्हटलं, "मामा काढ."

त्यानं पान उघडलं. तिथं मामा अर्धा. नावावर दार लावून घ्यावं तसा मधोमध चेपलेला. नबीलाल म्हणाला, "न्हाई न्हाई, हाय की. ही खालची पट्टी सरकवली का दिसतोय बघा पुरा."

"लग्नाचं आवतण सरकवून बघायचं आसतं व्हय रं?" म्हटलं. तो हसायला लागला. हसायचं नव्हतं. तो पण पाहुणा आहे, त्याच्याकडं पण तीच पत्रिका गेलीय.

मग आपल्या वरच्या अंगाच्या फार्महाऊसवर गेलो. तिथला साहेब शनिवार-रविवार येतो, त्याच्याकडं मॉनिटर असा की टोकांना वाकलाय, एवढा लांब. तिथं आपली पत्रिका मधोमध अंग चोरून बसलेली. भल्या मोठ्या परातीत एकच भाकरी. दोन्ही अंगांना पांढरं रान. तिथं मामा आहे, पुरा आहे, आणि त्याच्या शेजारी एवढी मोकळी जागा की त्याची गाडीसुद्धा लागली असती. पण त्या साहेबाला आपण बोलावलंयच कुठं.

तुझ्या आईचा तडकलेला फोन बघितला. मामा नाही. सृष्टीचा नवा फोन, मामा नाही. तोच आडवा धरला, तर मामाचा कान आला.

मला अक्षर येत नाही हे या कामात बरं पडतं. तुम्ही शिकलेले वाचत बसता, आणि वाचता येतंय म्हणजे बरोबर आहे असं म्हणता. मी नुसता आकार बघते. कुठली रांग कुठं आहे, कोण कुणाच्या बाजूला, कोण कडेला चेंगरलाय. लावणीत रोपांच्या ओळी बघाव्या तशा. तुझ्या कंपनीला असं बघणारं कुणी हवं असेल तर सांग, मला रोजगार चालेल.

लिहिता लिहिता लीलाबाई म्हणते, कालच तू काहीतरी नवीन केलंस. केलंस खरं. आता सगळं पान फोनात मावलं, आणि अक्षरं जत्रेत तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देतात तेवढी झाली. कोंडाजीनं चष्म्यावर चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "वयनी, लगीन कुणाचं हाय तेच कळंना." मामाला शोधायला आता खेकड्याच्या बिळात बघतात तसा डोळा लावावा लागतो.

कैलासनं अजून केळवणाला बोलावलेलं नाही. तुझी आई नुसती भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते. नीट कर.

आजी

&nbsp;

काशिग
२५ जानेवारी

निरंजन,

चिरंजीव वगैरे आज लीलाबाईला लिहू दिलं नाही. मी चिडले आहे.

तू नीट केलंस म्हणतोस. अक्षरं मोठी झाली, मान्य. फोनवर आता काही कापत नाही, मान्य. आणि मामा कुठं? बोटानं वर सारत जायचं. गणपती गेला, नवरानवरी गेली, मी गेले, कोंडाजी गेला, किशोर गेला, पुतणे, पुतण्यांची पोरं, गावातली मित्रमंडळी, कार्यालयाचा नकाशा, "कृपया आहेर आणू नयेत", आणि त्याच्याही खाली मामा. बोट दुखतं रे तिथवर जाताना.

आधी तो नव्हता, त्याला चूक म्हणता येत होतं. राहून गेलं, पोर आहे, घाईत केलं. आता तो आहे, आणि पायाशी आहे. त्याला काय म्हणायचं?

कैलासनं पहिल्या पत्रिकेचा फोटो काढून ठेवला होता. आता दुसरीचाही काढला. सूसला त्याच्या सोसायटीच्या गेटवर दोन्ही दाखवत फिरतोय. तुझ्या आईला म्हणाला, "आधी घालवलं, आता जिथं चपला सोडत्यात तितं बशिवलं. भाच्याचा हात लई बसलाय कामावर." तुझी आई घटकाभर फोन कानाला तसाच लावून बसली, पलीकडून कट झाला होता तरी.

तुझी ओळ आली, "फोनवर कॉलम एकाखाली एक येतात, आधी डावा मग उजवा, नियमच आहे." कुणाचा नियम? ज्यानं केला त्याला मामा नसेल.

तुला कळतंय का काय झालंय ते? रुंद पानावर दोन रांगा शेजारी असतात. घरचे इकडं, आजोळचे तिकडं. कोण वर, कोण खाली, हा प्रश्नच निघत नाही. आमच्या वाडवडिलांना काही ठिपके माहीत नव्हते, पण भांडण माहीत होतं, म्हणून त्यांनी कागद रुंद ठेवला. तुमचा फोन बोटभर. त्यात शेजारी बसता येत नाही. कुणाला तरी कुणाच्या डोक्यावर बसावंच लागतं.

मग मामाला वर घे म्हणशील. मी कोंडाजीला विचारून बघितलं, सहज विचारल्यासारखं. त्यानं तपकीर ओढायची थांबवली. "म्हंजी सूसवाला माज्या डोक्यावर? मी पोरीचा आजा, मला खाली घालून तुमी फ्लॅटवाल्याला वर चढवणार? घाला. मंग लग्नाला बी त्यालाच घेऊन जावा." झालं. आता एक बाहेर आहे तो दोन बाहेर होतील.

कागदी छापू म्हटलं तर तुझा बाप म्हणतो, आता छापली तर लोक दोन पत्रिका शेजारी ठेवून फरक शोधतील.

बावीस तारखेला महिनासुद्धा राहिला नाही. मामा आला नाही तर पोर मांडवात एकटी चालत यायची काय? तू काचेच्या मागं बसून सांगतोस की नियम आहे.

कैलास चिडलाय तो निव्वळ नावासाठी. बाकी काही नाही. दिलेल्या शब्दाचं वगैरे आता जुनं झालं.

लीलाबाई, ते शेवटचं खोड.

(मी खोडत नाही, कागद घाण होतो. लीलाबाई.)

आजी

&nbsp;

काशिग
४ फेब्रुवारी

चि. निरंजन,

हे पत्र बसून वाच. आणि एकट्यानं वाच.

सोमवारी मी सूसला जाऊन आले. तुझ्या आईला सांगितलं पौडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातेय. लीलाबाई बरोबर. पौडपर्यंत एसटी, पुढं जीप, आणि शेवटी रिक्षा, तिनं पाठीचे मणके मोजून घेतले. कैलास सहाव्या मजल्यावर राहतो. ज्या रानात मी त्याच्या आईबरोबर हरभरा सोललाय, त्याच रानाच्या वर, हवेत.

माझं डोकं असं चाललं होतं. त्याच्याकडं भिंतभर टीव्ही आहे. त्या टीव्हीवर पत्रिका लावायची. तिथं दोन्ही रांगा शेजारी दिसतील, सोनेरी नाव दिसेल, त्याचा पारा उतरेल. तुझी मामेबहीण वैष्णवी घरी होती. तिनं फोनवरून टीव्हीवर पान लावलं. आलं की रे भिंतीवर! गणपती एवढा मोठा की मी बसल्या जागी हात जोडले. डावीकडं आम्ही, उजवीकडं कैलास. बरोबरीनं.

म्हटलं, "बघ. पोरानं आसं घातलंय. फोन लहान पडला, त्याला पोरगं काय करणार?"

कैलास बघत राहिला. मग खिशातनं फोन काढून टीव्हीशेजारी धरला. "मावशी, सहाशे लोकांकडं ह्ये हाय का त्ये हाय?"

मी फोनवरनं नजर काढून टीव्हीकडं बघितलं.

"आन् नावाचं जाऊ द्या," म्हणाला. "नाव ऱ्हायलं आसतं तर मी हसलो आसतो. सोताच घरी येऊन, मामा, तुमी राहून गेला म्हणाला आसता तर जेवू घातला आसता. पर ज्यानं माज्या पोरीला तुमच्या तोंडून मागितली आन् मंग हसून नको म्हणला, त्येनं माजं नाव चुकून गाळलं ह्यावर मी इस्वास ठेवू?"

आता ऐक. दोन वर्षांपूर्वी चैत्रात, आपल्या जत्रेला कैलास आला होता. मटणाची पंगत उठली होती, मी आणि तो ओसरीवर सुपारी कातरत होतो. मला वैष्णवी नातसून म्हणून हवी होती, लहानपणापासून हवी होती. मामाची पोर, घरातली घरात, माझ्या म्हातारपणाला बोलणारं माणूस. मी कैलासला म्हणाले, "निरंजन म्हणतोय, मला वैष्णवीच हवी." तू असं कधी म्हणाला नव्हतास. तुला मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं, आधी शब्द टाकावा, पोरं मागनं वळतात. वासरू वळतं तशी.

कैलासनं त्या शब्दावर हिंजवडीचं आलेलं स्थळ परत लावलं. आणि मग तुझ्या आईनं विचारल्यावर तू फोनवर हसलास, "मामाची वैष्णवी? अगं ती माझी बहीण आहे." तुझं चुकलं नाही. तुला हसायलाच येणार. पण कैलासला ते हसू कसं ऐकू गेलं असेल, बघ. तो घरी आला, तुला खोटारडा म्हणाला, सगळ्यांसमोर. तू म्हणालास, मी कुणाच्या दारात मागायला आलो नव्हतो. तो म्हणाला, मागणं तुझंच होतं. तू माझ्याकडं बघितलंस. मी तांदूळ निवडत होते. मी खाली बघून तांदूळ निवडत राहिले. त्या तांदळात एक खडा नव्हता.

त्या आठवड्यात तू बंगळूरची नोकरी धरलीस.

हे सगळं मी परवा कैलासला सांगितलं. टीव्ही चालूच होता, भिंतीवर आपण सगळे सोनेरी अक्षरात बघत होतो. सांगून झाल्यावर वैष्णवी म्हणाली, "आजी, तुम्ही त्याला विचारलं नाही ते कळलं. मला तरी कुठं कुणी विचारलं होतं? मीही नाहीच म्हणणार होते. तो आधी म्हणाला, म्हणून मी सुटले." तिच्या बापानं तिच्याकडं असं बघितलं की जणू तीही पत्रिकेच्या काठाबाहेरनं आत्ता आत आली.

मग त्यानं टीव्ही बंद केला. रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, "दोन वरसं त्या पोराला मी खोटारडा म्हणत आलो." एवढंच. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. वैष्णवीनं आम्हाला गाडीतनं पौडपर्यंत सोडलं.

म्हणजे तुझं पान चुकलं खरं, पण ते नुसतं ठिपक्यांचं चुकलं. त्याच्या आडोशाला मी महिनाभर तुझ्यावर ओरडत होते, कारण तुझ्यावर ओरडणं मला सोपं होतं. लीलाबाई लिहायची थांबलीय. लिही म्हटलं, आता सांगितलंय तर पुरं लिही.

तू माझ्यावर काय करायचंय ते कर. बोलू नको वाटलं तर बोलू नको. पण एक काम कर, बहिणीसाठी. फोनवरच्या पानात मामाला वर घे, नवरानवरीच्या लगेच खाली. त्याच्या खाली कोंडाजी, तुझा बाप, भावकी. आणि माझं नाव पहिलं आहे ते तिथनं उचल आणि सगळ्यात खाली टाक. नकाशाच्याही खाली, आहेर नकोच्याही खाली. घरातलं सगळ्यात थोरलं माणूस तिथं बसल्यावर कोंडाजी कुठल्या तोंडानं म्हणेल, मला खालची जागा दिली? माझ्या वर बसून कुरकुरायला त्याला लाज वाटेल. आणि मला तिथं बसायला हरकत नाही. मला वाचता येत नाही, त्यामुळं कुठंही बसवलं तरी सारखंच.

हे शेवटचं खरं नाही. पण असू दे.

आजी

&nbsp;

काशिग
११ फेब्रुवारी

चि. निरंजन यास अनेक आशीर्वाद,

पाच दिवस तुझी ओळ आली नाही. लीलाबाईचा फोन मी उशाशी घेऊन बसत होते, तिच्या सुनेला वाटलं म्हातारीला पण ते रील बघायचं याड लागलं.

सोमवारी सकाळी लीलाबाई पळत आली. नुसतं पान धरलं माझ्यासमोर. मी वाचायला सांगितलं नाही. बोटानं वर सारत गेले. नवरानवरी. मग एक ओळ, लगेच खाली, सुटी, ठसठशीत. ती कैलासची. मग कोंडाजीची लांब ओळ, त्याच्या नावापुढं ह.भ.प. आहे म्हणून ती लांबच असते. मग किशोर. मग बाकीचे. नकाशा. आहेर. आणि सगळ्यात खाली एक ओळ. तिच्या खाली पान संपलेलं.

तेव्हा कळलं की तू पत्र वाचलंस.

तरी मी नबीलालकडं गेले. तू काय, एका ठिकाणी नीट करतोस आणि दुसरीकडं मोडतोस. त्याच्या डब्यावर बघितलं. दोन रांगा शेजारी, कापलेलं काही नाही, पट्टी सरकवायची नाही, आणि दोन्हींच्या खाली मधोमध मी. फार्महाऊसवर राखणदाराला दार उघडायला लावून बघितलं. परात भरलीय. तुझ्या आईच्या तडकलेल्या फोनवर माझं नाव बरोबर तड्यावर येतं, पण त्याला तू काय करणार.

आता पुढचा ताप ऐक. दुपारी कोंडाजी तरातरा आला. "वयनी, ह्ये काय? तुमी खाली आन् मी वर? माज्या मयतीला तरी लोक येतील का? मला खाली घ्या, तुमी वर जावा." मी म्हटलं, बस तिथंच, जागा सोडायची नाही. तो गेला, तर संध्याकाळी कैलासचा फोन. तुझ्या आईनं उचलला आणि माझ्या कानाला लावला. "मावशी, तुमचं नाव तितं कुणी टाकलं? त्या पोराला म्हणावं मावशीला वर घे, माजं टाक शेवटाला, माजी काय बी हरकत न्हाई." महिनाभर वर बसायला भांडत होते, आता खाली बसायला भांडतायत. माझं डोकं उठलंय या माणसांनी. तू कुणाचं ऐकू नकोस. त्या पानाला आता बोट लावलंस तर बघ.

मग कैलास म्हणाला, "आन् रयवारी सृष्टीला केळवणाला धाडा. सगळ्यांनी या. पोरीची पिवळी साडी आणलीय, तिला दाखवायचीय." तुझ्या आईनं ते ऐकलं. ती उठून चुलीकडं गेली, आणि पहिल्यांदा या महिन्यात एक भांडं तसंच खरकटं राहू दिलं.

फोन ठेवता ठेवता कैलासनं विचारलं, "निरंजन कधी येतोय?"

मी काय सांगणार? तुझं पान बोललं, तू बोलला नाहीस. मी म्हटलं, येईल. असं बोलायला मी घाबरते आता, तुझ्या वतीनं. म्हणून लगेच म्हटलं, "मला ठाऊक न्हाई. त्येनं तसं सांगितलेलं न्हाई." कैलास म्हणाला, "त्याला म्हणावं, लग्नाआदी माज्याकडं यावं. मला त्याच्याशी बोलायचंय. फोनवर न्हाई."

तेवढा निरोप मी देतेय. माझ्याकडून काही भर घातलेली नाही, लीलाबाई साक्षीला आहे.

बंगळूरची बस चांदणी चौकात सोडते. तिथनं सूस जवळ, काशिग लांब. आधी सूसला उतर. मग इकडं ये, किंवा आलास तर ये. मी माफी मागत नाही, कारण माफी मागितली की समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं, आणि तुला सध्या काही म्हणायचं नाही असं दिसतंय. मी ओसरीवर आहे. तांदूळ लग्नाचे आहेत, खूप आहेत, निवडायला माणूस लागतं. शेजारी बसलास आणि नाही बोललास तरी चालेल.

रविवारच्या केळवणाला तू पोचणार नाहीस हे मी धरूनच चाललेय. म्हणून तिकडचा म्हैसूरपाक पाठव. कुरिअरनं, शनिवारपर्यंत सूसच्या पत्त्यावर, मामाच्या नावानं, दोन किलो. तुपाचा, मऊ, बोटानं दाबला तर दबेल असा. दगडी पाठवू नकोस. कैलासच्या खालच्या दाढा गेल्यात आणि तो ते कबूल करणार नाही. अर्धा किलो वेगळा बांधून माझ्यासाठी. माझ्याही गेल्यात. मी केलंय कबूल.

आजी